लॉर्ड्स, विश्वस्त आणि आपण

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली काही वाक्यं संपादकांच्या आग्रहावरून गाळली आहेत, बाकी जसंच्या तसं.)



आधी एक खुलासा करतो. कार्यक्रमाच्या ई-मेलमध्ये 'लॉर्ड्सवर भाषण' एवढंच गेल्यामुळे आज गर्दी नेहमीपेक्षा जास्त दिसतेय. मघाशी दारातच दोघांनी मला विचारलं, "काका, १९८३ च्या फायनलला तुम्ही खरंच मैदानावर होतात?" नव्हतो हो. मी त्या दिवशी तासगावात शेजाऱ्यांच्या रेडिओला कान लावून बसलो होतो. ते लॉर्ड्स सेंट जॉन्स वूडला. त्याचं नाव थॉमस लॉर्ड नावाच्या गृहस्थांवरून पडलं, आणि ते काही उमराव नव्हते. मी बोलणार आहे वेस्टमिन्स्टरच्या लॉर्ड्सबद्दल. तिथे एकदा बॅटिंगला उतरलेला माणूस आउट होत नाही. २०१४ पर्यंत तर आपण होऊन रिटायर व्हायचीही कायद्यात सोय नव्हती.

आता हा विषय माझ्या गळ्यात का पडला? आपल्या अध्यक्षांचं म्हणणं असं की "मंडळात कुणी न निवडता वर जाऊन बसलेले तुम्हीच, तेव्हा तुम्हीच बोला." यात खोटं काही नाही. मी १९९८ पासून मंडळाचा विश्वस्त आहे. एका रविवारी सकाळी तेव्हाच्या ज्येष्ठ विश्वस्तांचा फोन आला, "अरे, एक जागा रिकामी झालीय, तुझं नाव टाकू का?" मी म्हटलं, टाका. झाली निवडणूक! कार्यकारिणी दर दोन वर्षांनी तुमच्यापुढे येऊन मतं मागते, वडे तळते, गणपतीच्या हॉलसाठी कौन्सिलच्या मागे लागते. आम्ही पाच विश्वस्त वर्षातून चारदा जमतो, ठेवींच्या व्याजाचा कागद बघतो आणि "थोडं थांबा" म्हणतो. आमची मुदत किती, हे मंडळाच्या घटनेत लिहिलेलंच नाही. नवा विश्वस्त कोण नेमणार? तर उरलेले विश्वस्त. पुढच्या महिन्याच्या वार्षिक सभेत हे कलम बदलण्याचा ठराव येतोय आणि तो आणणारी मुलगी मराठी शाळेत माझ्याच हाताखाली बाराखडी गिरवून गेलेली आहे. तेव्हा आज मी लॉर्ड्सबद्दल जे काही बोलेन ते माझ्या खुर्चीबद्दलही असणार आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

वरच्या सभागृहाशी माझी ओळख इंग्लंडला येऊन झाली नाही. ती घरातच झाली. वडील हायस्कूलमध्ये शिक्षक. आपल्या महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ सदस्य असतात, त्यातले सात पदवीधर मतदारसंघातून येतात आणि सात शिक्षक मतदारसंघातून. वडील पदवीधरही होते आणि शिक्षकही. म्हणजे विधानसभेचं एक मत सगळ्यांसारखं, वर पदवीधरांचं एक आणि शिक्षकांचं एक. आई सातवीपर्यंत शिकलेली, तिला एकच. एका निवडणुकीला वडील इस्त्रीचा सदरा घालून मतदानाला निघाले तेव्हा आईनं चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं, "तुम्ही एकटेच तीन माणसं आहात होय?" वडील नुसते हसले. उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याजवळ आजही नाही. इथेसुद्धा ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधरांना असं जादा मत होतंच. ते १९४८ च्या कायद्यानं गेलं. आपण घटना लिहिताना मात्र त्याच जातीची सोय वरच्या सभागृहात ठेवून दिली.

पण याच परिषदेची दुसरी बाजूही मी लहानपणी पाहिली. वि. स. पागे हे आमच्या सांगली जिल्ह्यातले. १९६० पासून १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम मिळालं पाहिजे, तो त्याचा हक्क आहे, ही कल्पना त्यांनी धरून ठेवली. तिचा पहिला छोटा प्रयोग आमच्या तासगाव तालुक्यातच झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. तुमच्यापैकी साठीच्या पुढच्यांना आठवत असेल: खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा, सुकडीची पाकिटं, तो लाल मिलो. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. शाळेतल्या आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईबाप त्या कामांवर होते. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्याचा खर्च निघावा म्हणून शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायला लागले, तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांच्या पगारातूनही तो गेलेला असणार. दिल्लीला तसाच कायदा करायला २००५ उजाडलं. ज्या खुर्चीत बसून एका माणसानं एका कल्पनेचा इतकी वर्षं पाठपुरावा केला ती खुर्ची वरच्या सभागृहाची होती, हे मी विसरू शकत नाही.

हे दोन्ही मनात घेऊन मी १९८७ साली इथे आलो. नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात, संध्याकाळ पब्लिक लायब्ररीत. लायब्ररीत हीटिंग फुकट होतं, हे त्या वाचनप्रेमाचं एक कारण. तिथेच मी लॉर्ड्सबद्दल वाचायला लागलो आणि जे वाचलं त्यानं डोकं तापलं.

जालियनवाला बाग आपल्या सगळ्यांना माहीत आहे, १३ एप्रिल १९१९. पण त्याच्या पुढचा भाग आपल्याला शाळेत फारसा शिकवत नाहीत. डायरला नोकरीतून बाजूला केल्यावर तो प्रश्न १९२० च्या जुलैत इथल्या पार्लमेंटपुढे आला. हाउस ऑफ कॉमन्समध्ये ८ जुलैला चर्चा झाली. चर्चिल तेव्हा युद्धमंत्री. आपल्याला हा माणूस कधी गोड वाटला नाही, पण त्या दिवशी त्यांनी डायरच्या कृत्याचा कडक शब्दांत निषेध केला आणि कॉमन्सनं सरकारला साथ दिली. पंधरा दिवसांच्या आत तोच विषय लॉर्ड्समध्ये आला. तिथे ठराव असा की डायरवर अन्याय झाला. तो ठराव १२९ विरुद्ध ८६ मतांनी मंजूर झाला! बाहेर एका वृत्तपत्रानं डायरसाठी निधी गोळा केला, तो २६ हजार पौंडांच्या वर गेला.

आणि त्या सभागृहात तेव्हा एकच भारतीय सदस्य होता. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा. १९१५ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष. १९१९ साली ते 'रायपूरचे लॉर्ड सिन्हा' झाले. हे रायपूर बंगालमधलं, छत्तीसगडचं नव्हे. त्याच वर्षी हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचा कायदा लॉर्ड्समधून मंजूर करून घेण्याची जबाबदारी सरकारनं त्यांच्यावर टाकली होती आणि त्यांनी ती पार पाडली. त्या मतदानाच्या दिवशी सिन्हासाहेबांना काय वाटलं असेल, याचा मी कितीदा तरी विचार केला आहे. आजूबाजूला बसलेल्या बहुतेकांना ती जागा बापाकडून मिळालेली. त्यांना प्रश्न विचारणारा मतदार जगात कुठेही नाही.

या सिन्हांचीच पुढची एक गोष्ट आहे, जरा विषयांतर करतो. ते १९२८ साली वारले. पदवी वंशपरंपरेची, म्हणजे मुलगा दुसरा लॉर्ड सिन्हा. पण मुलाला सभागृहात बसू देईनात. का? तर आईवडिलांचं लग्न हिंदू पद्धतीचं, हिंदूंना तेव्हा एकाहून अधिक बायका करायची मुभा, मग हा मुलगा इंग्लिश कायद्यानं 'औरस' धरायचा की नाही! अकरा वर्षं गेली. १९३९ साली लॉर्ड्सच्या समितीनं दाखला मान्य केला तेव्हा कुठे त्यांना जागा मिळाली. आपल्याकडे जात पडताळणीच्या दाखल्यासाठी लोक खेटे घालतात, तसंच हे. फरक इतकाच की हा दाखला बापाच्या लग्नाचा.

तर तेव्हा माझं मत ठाम झालं. हे सभागृह बरखास्त करा. न्यूझीलंडनं आपलं वरचं सभागृह १९५० मध्ये कायदा करून मोडीत काढलं आणि त्यांचं काही अडलं नाही. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी हे मोठ्यानं सांगायचो. इंग्लिश सहकारी सँडविच खात शांतपणे म्हणायचे, "खरं आहे तुमचं," आणि हवापाण्यावर बोलायला लागायचे. या देशात लॉर्ड्सच्या सुधारणेचं नेमकं हेच होत आलं आहे.

कसं, ते थोडक्यात सांगतो. १९११ च्या कायद्यानं लॉर्ड्सचा नकाराधिकार गेला. १९४९ च्या कायद्यानंतर ते एखादं विधेयक साधारण वर्षभर लांबवू शकतात, पैशाच्या विधेयकाला तर महिनाच. १९५८ साली तहहयात सदस्य आले, म्हणजे पदवी स्वतःपुरती, मुलाला नाही. १९९९ साली घराण्याच्या हक्कानं बसणाऱ्या शेकडो लोकांना बाहेर काढलं आणि १,३३० ची सभा ६६९ वर आली. पण तडजोड म्हणून अशा ९२ जागा 'तात्पुरत्या' ठेवल्या. या देशात तात्पुरत्या गोष्टी फार टिकतात. त्यांतला एखादा वारला की पोटनिवडणूक व्हायची, तीही पुन्हा उमरावांमधूनच. २०१६ साली अशा एका पोटनिवडणुकीत उमेदवार होते सात आणि मतदार तीन. थर्सो नावाचे उमराव तिन्ही मतं घेऊन शंभर टक्क्यांनी विजयी झाले. आपल्या ग्रामपंचायतीतसुद्धा एवढी सोयीची निवडणूक होत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात सरकारनं या उरलेल्या जागाही रद्द करण्याचं विधेयक आणलं, म्हणजे त्या 'तात्पुरत्या' तडजोडीला तेव्हा पंचवीस वर्षं होत आली होती.

मोठी सुधारणा करायचा प्रयत्न २०१२ मध्ये झाला. ४५० सदस्य, त्यातले ३६० निवडलेले, मुदत पंधरा वर्षांची. कॉमन्समध्ये दुसऱ्या वाचनाला बाजूनं ४६२ आणि विरोधात १२४. तरीही ते विधेयक मेलं! सत्ताधारी पक्षाचे ९१ खासदार विरोधात गेले होते, आणि चर्चेला दिवस किती द्यायचे यावर एकमत होईना. तत्त्वाला सगळ्यांचा पाठिंबा आणि तारखेला सगळ्यांचा विरोध. आपल्या मंडळाच्या सहलीसारखंच.

हे असं चाललेलं असताना माझं ते ठाम मत हळूहळू पातळ व्हायला लागलं. तुम्ही म्हणाल, वयाबरोबर होतं तसं. थोडं ते असेलही. पण दोन प्रसंग सांगतो.

२००६ ते २००८ चा काळ इथल्या डॉक्टर मंडळींना आठवत असेल. आपल्याकडून शेकडो तरुण डॉक्टर परीक्षा देऊन, हायली स्किल्ड मायग्रंटचा व्हिसा घेऊन इथे आले होते. ईस्ट हॅमला एकेका खोलीत चौघे-पाच जण राहत होते. आणि मध्येच नियम फिरवले गेले. वर एक सरकारी सूचना निघाली, तिचा अर्थ असा की तुमच्या व्हिसाची मुदत नोकरीच्या मुदतीपेक्षा कमी असेल तर आधी इथल्या आणि युरोपातल्या उमेदवारांचा विचार होणार, मग तुमचा. आमच्या घरीही गावाकडच्या ओळखीतला एक मुलगा वरच्या छोट्या खोलीत राहत होता. रोज सकाळी आंघोळ करून, टाय लावून कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि अर्ज पाठवायचा. तीनशेच्या वर अर्ज झाले, मग त्यानं मोजणं सोडून दिलं. सौ. त्याला विचारायची, "आज काय भाजी करू?" तो म्हणायचा, "काकू, काहीही." एवढंच बोलणं.

भारतीय वंशाच्या डॉक्टरांची 'बापिओ' ही संघटना कोर्टात गेली. हायकोर्टात हरली. अपील कोर्टात त्या सूचनेच्या मुद्द्यावर जिंकली. सरकार त्यावर सर्वोच्च पायरीवर गेलं. ती पायरी तेव्हा कोणती? हाउस ऑफ लॉर्ड्स. देशाचं शेवटचं न्यायालय त्या काळी लॉर्ड्सच्या सभागृहाचाच एक भाग होता, तिथल्या न्यायाधीशांना लॉ लॉर्ड्स म्हणत. ३० एप्रिल २००८ ला त्यांनी बहुमतानं निकाल दिला की ती सूचना बेकायदा आहे. निवडून आलेल्या सरकारला कुणीही न निवडलेल्या माणसांनी सांगितलं, असं करता येणार नाही. आमच्या वरच्या खोलीतला मुलगा त्याआधी फेब्रुवारीतच मिरजेला परत गेला होता. निकालाची बातमी मी त्याला फोनवर सांगितली. तो म्हणाला, "बरं झालं काका, बाकीच्यांना उपयोग होईल."

दुसरा प्रसंग २०२२ चा. नॅशनॅलिटी अँड बॉर्डर्स बिलात सरकारनं नववं कलम घातलं. काही परिस्थितीत एखाद्याचं ब्रिटिश नागरिकत्व त्याला नोटीससुद्धा न देता काढून घेता येईल, असं ते कलम. ते काही वेंब्लीत भाजी घेणाऱ्या पेन्शनरांसाठी केलेलं नव्हतं, हे मला कळतं. पण कायदा कागदावर लिहिलेला असतो, तो उद्या कुणाच्या हातात जाईल हे लिहिलेलं नसतं. आपण निळा पासपोर्ट सरकारजमा करून हा पासपोर्ट घेतला. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. हा गेला तर मागे काय? कॉमन्समध्ये ते कलम बहुमतावर मंजूर झालं होतं. लॉर्ड्सनं फेब्रुवारीत ते उडवून लावलं. पुढे ते परत आलं आणि कायदाही झाला, पण येताना लॉर्ड अँडरसन या वकिलांनी सुचवलेल्या अटी बरोबर घेऊन आलं. नोटीस न देण्याचं कारण सरकारला आता न्यायाधिकरणापुढे मांडावं लागतं. अँडरसन कुठल्याही पक्षाचे नाहीत. दहशतवादविरोधी कायद्यांवर देखरेख करण्याचं काम त्यांनी अनेक वर्षं केलेलं. ते कधीही निवडणुकीला उभे राहिले असते असं मला वाटत नाही, आणि राहिले असते तर पडले असते.

लगेच टाळ्या नकोत. १९६८ साली केनियातल्या आपल्या लोकांना, हातात ब्रिटिश पासपोर्ट असताना, या देशाची दारं बंद करणारा कायदा तीन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार झाला. तेव्हा लॉर्ड्स रात्रभर जागून बोलत बसले आणि शेवटी मान डोलावली. तेव्हा न निवडलेला माणूस आपोआप शूर असतो, असं काही नाही.

मग फरक कशानं पडतो? इतकी वर्षं या प्रश्नाशी झटापट करून मी या मताला आलो आहे. आपण सगळे 'निवडलेला की नेमलेला' यावर भांडतो. भांडण असायला हवं नेमणाऱ्याशी. नेमणारा कोण, त्याला कुणी अडवू शकतं का, आणि नेमल्यावर त्या माणसाला नेमणाऱ्याची गरज उरते का?

लॉ लॉर्ड्स सरकारच्या विरुद्ध निकाल देऊ शकले, कारण त्यांना पुढे काही मिळवायचं नव्हतं आणि त्यांच्या निवृत्तीचं वय कायद्यानं ठरलेलं होतं. गंमत म्हणजे लॉर्ड्सच्या या एकाच कोपऱ्याची सुधारणा नीट झाली. २००५ मध्ये कायदा झाला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ते न्यायालय चौकाच्या पलीकडे मिडलसेक्स गिल्डहॉलमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणून गेलं. आता न्यायाधीशांची नावं निवड आयोग सुचवतो. कुणी रस्त्यावर आलं नाही, आभाळ कोसळलं नाही.

उरलेल्या लॉर्ड्सचं काय? तिथे नेमणारा हात पंतप्रधानांचा, आणि त्याला बांध नाही. लॉइड जॉर्ज यांच्या काळात पदव्यांचा बाजार इतका उघड झाला की १९२५ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. २००० साली नेमणुका तपासणारा आयोग आला, पण तो फक्त सल्ला देतो. २०२० च्या डिसेंबरात पंतप्रधान जॉन्सन यांनी त्याचा सल्ला डावलून आपल्या पक्षाच्या माजी खजिनदारांना लॉर्ड केलं. असं करणारे ते पहिलेच. किती सदस्य नेमायचे याला मर्यादा नाही, म्हणून संख्या पुन्हा आठशेच्या वर गेली. २०१७ साली लॉर्ड बर्न्स यांच्या समितीनं साधा उपाय सुचवला: सहाशेची मर्यादा, प्रत्येकाला एकदाच पंधरा वर्षं, आणि दोन बाहेर पडले की एक आत. एका पंतप्रधानांनी थोडं पाळलं, पुढच्यांनी गुंडाळून ठेवलं. कायद्यात नसलेली शिस्त अशीच असते.

आपल्याकडचं बघा. विधान परिषदेत राज्यपाल बारा जण नेमतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतले जाणकार असावेत, असं घटना सांगते. म्हणून गदिमा तिथे बसले, ना. धों. महानोर बसले आणि पिकापाण्याबद्दल बोलले. राज्यसभेत पां. वा. काणे बसले. मग हळूहळू 'समाजसेवा' हा शब्द इतका मोठा झाला की निवडणुकीत पडलेला कुठलाही कार्यकर्ता त्यात मावायला लागला. आणि २०२० मध्ये तर त्या बाराच्या बारा जागा रिकाम्या झाल्या, मंत्रिमंडळानं यादी पाठवली, ती राजभवनात पडून राहिली, सरकार बदललं, यादी बदलली, प्रकरण कोर्टात गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जागा भरल्या. चार वर्षं! दोष त्या जागांचा होता का? नेमणाऱ्यावर तारखेचं बंधन नव्हतं म्हणून हे झालं.

"मग सरळ निवडणूकच घ्या की," असं आमचे चिरंजीव म्हणतात. त्यांचा मुद्दा खोडून काढणं मला जमत नाही, हे कबूल करतो. पण राज्यसभेत निवडणूकच आहे, आमदार निवडतात. तरी घोडेबाजार थांबला नाही, आणि उमेदवार त्या राज्यातला रहिवासी असावा ही अटसुद्धा २००३ मध्ये काढून टाकली. लोकांमधून थेट निवडलं तर दोन्ही सभागृहं म्हणणार, जनता आमच्या मागे आहे. मग थांबा म्हणणारा कोण आणि ऐकणारा कोण? मला लॉर्ड्समध्ये निवडलेली माणसं नकोत. मला मुदतीची माणसं हवीत, ज्यांची नावं स्वतंत्र आयोगानं ठरवली आहेत आणि तो निर्णय पंतप्रधानांनाही बंधनकारक आहे. आणि एक, केवळ धर्मपीठामुळे मिळणाऱ्या सव्वीस बिशपांच्या जागा जायला हव्यात. माणसं भली असतात, गरिबांच्या बाजूनं बोलतात, पण त्यांनीही आयोगाकडून यावं, रांगेत उभं राहून. कुणी म्हणेल, मग आमचे पुजारी पण घ्या. नकोत. आहे तेवढं पुरे.

आता आपल्या विश्वस्तांकडे येतो. २००८ च्या उन्हाळ्यात कार्यकारिणीनं ठराव केला होता की वास्तुनिधी एका परदेशी बँकेत ठेवावा, व्याज दीड टक्का जास्त. आम्ही म्हटलं, थोडं थांबा. तेव्हा आम्हाला बऱ्याच शिव्या बसल्या. ऑक्टोबरात ती बँक बुडाली आणि आम्ही एकदम दूरदर्शी ठरलो. ही गोष्ट तुम्ही प्रत्येक वार्षिक सभेत आमच्याकडून ऐकली आहे. दुसरी गोष्ट आम्ही सांगत नाही, ती आज सांगतो. २०१३ मध्ये मराठी शाळा महिन्यातून दोनदा भरायची ती दर शनिवारी भरवावी, मोठी जागा भाड्यानं घ्यावी, असा प्रस्ताव आला होता. आम्ही दोन वर्षं थांबा म्हणत राहिलो. विरोध सगळ्यात जास्त माझा होता, मला भाड्याचे आकडे परवडणारे वाटेनात. तेवढ्यात चौदा मुलं शाळा सोडून गेली, कुणी पोहायला, कुणी पियानोला. ती परत आली नाहीत. त्यातल्या एकाचे वडील आज इथे बसले आहेत, त्यांनी मला कधी काही म्हटलं नाही. आणि त्या निर्णयाबद्दल मला माझ्या खुर्चीवरून कुणी हलवूही शकत नव्हतं.

म्हणून पुढच्या महिन्याच्या ठरावाला माझा पाठिंबा आहे. मूळ मसुद्यात विश्वस्तांची दर दोन वर्षांनी निवडणूक सुचवली होती. त्यावर ती मुलगी आणि मी तीन रविवार भांडलो, चहाचे बरेच कप झाले. शेवटी असं ठरलं: एकदाच आठ वर्षं, पुन्हा नेमणूक नाही. नावं सुचवायला तीन जणांची समिती, त्यात आजी-माजी विश्वस्त एकही नाही आणि कार्यकारिणीचा फक्त एक. जागा रिकामी झाल्यावर नव्वद दिवसांत भरायची, नाहीतर तो अधिकार थेट सर्वसाधारण सभेकडे. आणि सध्याच्या विश्वस्तांपैकी ज्यांची आठ वर्षं उलटून गेली आहेत त्यांनी ठराव मंजूर झाल्या दिवशी उठायचं. असे आम्ही तिघे आहोत. बाकीच्या दोघांशी माझं बोलणं झालंय. एक तयार आहेत, एक म्हणतात थोडं थांबा.

ठरावाला किमान वीस सभासदांचं अनुमोदन लागतं. कागद बाहेर चहाच्या टेबलावर आहे, पहिली सही माझी आहे. पेन जागेवर ठेवा, मागच्या वेळी तीन गेली. आणि ज्यांची या वर्षीची वर्गणी भरायची राहिलीय त्यांची सही धरली जाणार नाही, हे खजिनदारांनी मला मुद्दाम सांगायला सांगितलंय.